दीडपट वेगानं

३१ मे २०२५, शनिवार. लेस्टरला मावशीच्या स्वयंपाकघरात मी आमरसासाठी आंबे पिळत होतो. संध्याकाळी ‘डॉक्टर हू’च्या सीझनचा शेवटचा भाग लागणार होता आणि त्यासाठीच मी रेडिंगहून दोन तास गाडी हाकत आलोय, अशी मावशीची समजूत होती. मी आलो होतो आंब्यांसाठी. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानांतला हापूस संपला होता, केसरच्या पेट्या उरल्या होत्या. “केसर आहे, पण गोड आहे,” असं मावशीनं फोनवर दोनदा सांगितलं होतं. दोनदा सांगितलं म्हणजे तिलाही ते फारसं पटलेलं नव्हतं.

तिच्या घरात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीला एक छोटी खिडकी आहे, वाढलेली ताटं पलीकडे सरकवायला. मावशी पलीकडे सोफ्यावर मेथी निवडत बसली होती. पुढचं सगळं बोलणं त्या खिडकीतून झालं.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: बीबीसीवर ती २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. डॉक्टर नावाचा एक परग्रहावरचा भटक्या पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळातून हिंडतो. खोकं आतून बाहेरच्यापेक्षा मोठं आहे. डॉक्टर मरायला टेकला की कात टाकतो, म्हणजे नट बदलतो. पहिला नट विल्यम हार्टनेल आजारपणामुळे थकला तेव्हा १९६६मध्ये काढलेली ही पळवाट. तिच्या जोरावर मालिका १९८९पर्यंत चालली, मग सोळा वर्षं बंद पडली (मधे १९९६चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर), आणि २००५पासून पुन्हा चालू आहे.

“मावशी, तू बघ. मी इथे भांडी घासतो.”

“का रे? डोकं दुखतंय?”

“नाही. मला नाही बघायचं.”

मेथी निवडायची थांबली, हे मला न बघताच कळलं.

“बघायचं नाही म्हणजे काय? मागच्या शनिवारी अर्ध्यावर सोडलंय त्यांनी. तो तरी बघितलास ना?”

“बघितला. ट्रेनमध्ये, ऑफिसला जाताना. फोनवर दीडपट वेगानं. पंचेचाळीस मिनिटांचा भाग रेडिंग ते पॅडिंग्टन बरोबर बसतो.”

“दीडपट! मग ते सगळे चिमण्यांसारखे चिवचिव करतात का?”

“नाही, आवाज तसाच राहतो. आता तशी सोय असते.”

“सोय,” मावशी म्हणाली. आमच्या घरात हा शब्द असा उच्चारला गेला की पुढे काही बोलायचं उरत नाही. पण ती बोलली. “मला हे बघायला परत कुणी लावलं? तूच ना?”

मीच. फेब्रुवारी २००५मध्ये मी सांगलीहून व्हाया पुणे रेडिंगला आलो. कंपनीनं दिलेली एक खोली होती, संध्याकाळी चारनंतरच काळोख व्हायला लागायचा आणि ओळखीचं कुणी नव्हतं. २६ मार्चला शनिवारी टीव्ही लावला. लंडनमध्ये दुकानात काम करणारी एक मुलगी तळघरात जाते, तिथले कपड्यांचे पुतळे चालायला लागतात, आणि कातड्याचं जाकीट घातलेला एक माणूस येऊन तिचा हात धरतो आणि तिला पळायला सांगतो. मी उठून बसलो. भाग संपल्यावर लेस्टरला फोन केला, तर मावशी म्हणाली, “अगोबाई, ते अजून चालू आहे?”

तिनं ते ऐंशीच्या दशकातच सोडून दिलं होतं. त्याआधी दहा वर्षं पाहिलं होतं. १९७५च्या जानेवारीत ती नर्सिंगच्या नोकरीवर लेस्टरला आली तेव्हा नर्सेस होमच्या कॉमन रूममध्ये एकच टीव्ही होता. आयरिश, जमैकन, मल्याळी अशा सगळ्या मुली शनिवारी फुटबॉलचे निकाल संपले की त्याच्याभोवती जमायच्या. वॉर्डातलं इंग्रजी तिला कळत नसे. लेस्टरची माणसं बोलता बोलता ‘मी डक’ म्हणतात, आपल्याकडे ‘राजा’ म्हणावं तसं, आणि मावशीला वाटायचं आपल्याला बदक म्हणतायत. टॉम बेकरच्या डॉक्टरचा शब्द न् शब्द मात्र कळायचा. तिनं घरी पत्रात लिहिलं, ‘शनिवारी संध्याकाळी आम्ही डॉक्टरांना बघतो.’ आजीचं उलट टपाली उत्तर आलं: डॉक्टर कोण, आणि आपल्यातले आहेत का?

“बरं, मग काय बिघडलं ते तरी सांग,” मावशी म्हणाली. “रोज उठून कुणी दीडपट बघायला लागत नाही.”

“एक का! सगळं मागचंच उगाळतायत. या सीझनला राणी आणली, ती १९८५ची. आता ओमेगा येणार, तो १९७२च्या डिसेंबरातला. मागच्या वर्षी सुतेख आणला होता, १९७५चा. माळ्यावर चढायचं, एक ट्रंक उघडायची, आणि आतलं काय निघेल ते झटकून टीव्हीवर ठेवायचं. नव्या मुलांना यातलं काय कळणार?”

“तुला कळतं ना? ओमेगाच्या वेळी तर तू जन्मलाही नव्हतास.”

“मला कळतं हाच तर त्रास आहे. मी गोष्ट बघत नाही, मागचे संदर्भ जुळवत बसतो. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.”

“मग परीक्षा कुणी घ्यायला सांगितली?”

यावर मी एक आंबा जोरात पिळला. कोय निसटून सिंकमध्ये गेली.

“आणि ते २०२०चं,” मी म्हटलं. “त्याबद्दल मी तुला रात्री फोन केला होता.”

“तासभर. काका झोपेतून उठून आले होते, कोण गेलं म्हणून.”

१ मार्च २०२०चा तो भाग. तोपर्यंत डॉक्टर कोण होता? एक पळालेला माणूस. स्वतःच्या लोकांच्या नियमांना कंटाळून, मोडकं यान चोरून निघालेला. फार हुशार असेल, पण कुणी मोठा नव्हे. त्या भागात सांगितलं, की नाही, हा मुळात दुसऱ्याच विश्वातून आलेला अद्भुत अनाथ जीव. कात टाकण्याची विद्याच मुळी त्याच्या शरीरातून त्याच्या लोकांनी उचलली. त्याचे आधीचे कितीतरी जन्म होते, ते त्याच्या आठवणीतून पुसले गेले.

“मला ते आजही पटत नाही,” मी म्हणालो. “साधा माणूस होता तेच त्याचं मोल होतं. तुकोबा वाण्याच्या घरात जन्मले, दुष्काळात दिवाळं निघालं, आणि तरी अभंग लिहिले, म्हणून तर ते आपले. उद्या कुणी म्हणालं की ते साधे नव्हतेच—”

“म्हणालेच की!” मावशी उठून खिडकीशी आली. हातात मेथीची जुडी. “नामदेवांचा अवतार म्हणालेच की लोक तुकोबांना. नामदेवांच्या शंभर कोटी अभंगांतले काही राहिले होते, ते पुरे करायला आले म्हणून. तीनशे वर्षं म्हणतायत. त्यानं अभंगातला एक शब्द तरी हलला का? ज्याला अवतार हवा तो अवतार म्हणतो, ज्याला वाणी हवा तो वाणी म्हणतो.”

हा मुद्दा मी लंडनमधल्या कुठल्याच चाहत्याकडून ऐकला नव्हता. मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी सुचलं: गाथा पुरी झाली होती, मालिका अजून लिहिली जातेय, पुढचं मागच्यावर उभं राहणार आहे. पण दोन दिवसांनी सुचलेल्याला उत्तर म्हणत नाहीत.

“आणि त्यांनी काही आयत्या वेळी बनवलं नाही,” मीच नाइलाजानं म्हणालो, कारण खोटं बोलवेना. “१९७६च्या एका कथेत मनोयुद्धाच्या यंत्रावर हार्टनेलच्या आधीचे चेहरे दिसतात. त्याचा धागा धरून केलंय.”

“मग?”

“त्याच वर्षी आणखी एक कथा आली, डॉक्टरच्या ग्रहावर घडणारी. कात बाराच वेळा टाकता येते हा नियम तिच्यात पहिल्यांदा आला. तेव्हाचे चाहते भडकले होते. या मालिकेची जादू कुठे गेली म्हणून त्यांच्या मंडळाच्या अंकात लेख आला होता. आज तीच कथा अभिजात म्हणून गणतात.”

“म्हणजे तुझ्यासारखे तेव्हाही होते.”

होते. आणि एक जण तर फारच होता. १९८६मध्ये मालिका घसरणीला लागली असताना बीबीसीच्या एका कार्यक्रमात चाहत्यांना बोलावलं होतं. त्यातला एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा मालिकेच्या लेखकांच्या तोंडावर म्हणाला, की लिखाण घासून गुळगुळीत झालंय, बोळांतून धावाधाव आणि फुसके राक्षस, याच्यापलीकडे काही नाही. त्या मुलाचं नाव क्रिस चिबनल. बत्तीस वर्षांनी, २०१८ला, त्याची मालिकेचा कर्ताधर्ता म्हणून सुरुवात झाली, आणि ते २०२०चं प्रकरण त्यानंच लिहिलं. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की काका बागेतून डोकावले.

“बिचारा,” ती डोळे पुसत म्हणाली. “लहानपणी बोलून बसला, मग करून दाखवायची पाळी आली.”

तिचं स्वतःचं सुटणंही त्याच सुमाराचं. कॉलिन बेकरचा रंगीबेरंगी ठिगळांचा कोट, १९८५मध्ये दीड वर्षाची सक्तीची विश्रांती, मग डॉक्टरवर खटला चालतो अशी चौदा भागांची लांबण. मी तिला विचारलं, की नेमकं कशानं सोडलंस?

“आठवत नाही. नाइट ड्यूटी होती, मुलगा चार वर्षांचा होता. एका शनिवारी लावला नाही, दुसऱ्या शनिवारी पण नाही. बंद पडली तेही मला कळलं नाही.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाईट कशाचं वाटायचं? शेजारच्या बाई बदली होऊन गेल्या तेव्हा वाटलं होतं.”

इथे आमचं खरं बिनसतं. मावशीला वाटतं मी फार मनाला लावून घेतो. मला वाटतं तिनं कधी लावूनच घेतलं नाही. २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरात साठच्या दशकातले नऊ हरवलेले भाग सापडले तेव्हा मी ऑफिसात रजा टाकली होती. बीबीसीनं त्या काळच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रतीही फेकल्या, त्यामुळे जुने शंभरेक भाग गायब होते. त्यातले नऊ परत मिळणं म्हणजे मला पाटण्याच्या जुन्या हवेलीत एखादी बखर सापडण्यासारखं होतं. मावशीला फोन केला तर म्हणाली, “बरं झालं. जेवलास का?”

“तुला चांगलं आणि वाईट यातला फरकच नको असतो,” मी म्हणालो. जरा जोरात, कारण मिक्सर लावला होता. “काही आलं तरी चालतं.”

“वाईट मी तुझ्या आधी पाहिलंय. माझा पहिलाच भाग आठवतो. अंतराळस्थानकात माणसं गोठवून ठेवलेली असतात. त्यातल्या मुख्य माणसाला किड्याची लागण होते. तो हात खिशात लपवून हिंडत असतो. शेवटी बाहेर काढतो, तर काय, हिरवा रंग दिलेलं बबल रॅप! तेव्हा ते नवीन होतं, पुष्कळांना ओळखू आलं नसेल. आमच्याकडे वॉर्डात काचेचं सामान त्यातच गुंडाळून यायचं. मी सगळ्या पोरींना सांगितलं. हसून हसून मेलो.”

“तेच म्हणतोय—”

“ऐक ना. आणि त्या रात्री झोप लागली नाही. कारण तो माणूस स्वतःच्या हाताकडे ज्या नजरेनं बघत होता ना, तसं बघणारा पेशंट मी त्याच आठवड्यात पाहिला होता. हात कापायचा होता त्याचा. बबल रॅप होतंच. पण नजर खरी होती.”

थोडा वेळ नुसता मिक्सरचा आवाज.

“तसं आता होत नाही,” मी म्हटलं. “नजर दाखवायला वेळच नाही त्यांच्याकडे. पूर्वी वर्षाला तेरा भाग असायचे, आता आठ. पैसा जास्त आला, डिस्ने आलं, चित्रं झगमगीत झाली, पण आठांतल्या प्रत्येक भागाला लग्नघर असल्यासारखं सजावं लागतं. तेरा असताना एखादा साधा, स्वस्तातला भाग मधे घुसायचा आणि तोच सोनं असायचा. ‘मिडनाइट’ आठवतोय? २००८चा?”

“ती बस?”

“ती बस.”

‘मिडनाइट’ आमच्या दोघांच्याही एकमताचा भाग. एका हिरेजडित, मृतवत ग्रहावर पर्यटकांची बस निघते आणि मधेच बंद पडते. बाहेर काहीतरी आहे. ते दार वाजवतं. मग आत येतं, एका बाईच्या अंगात. ते कधीच दिसत नाही. ती बाई फक्त इतरांचं बोलणं परत म्हणते. आधी मागून, मग बरोबरीनं, आणि शेवटी डॉक्टरच्या आधीच. बास, एवढंच. एक खोली, आठ-नऊ माणसं आणि एकमेकांवर चढणारे शब्द. डॉक्टर एरवी बोलून जग वाचवतो. इथे त्याचं बोलणंच हिरावलं जातं. आणि ते साधे, सहलीला निघालेले लोक घाबरून त्यालाच बाहेर फेकायला निघतात.

“त्याला विचारतात ना,” मावशी म्हणाली, “तू कोण, नाव काय, खरं नाव सांग. तो सांगतो ते नाव त्यांना पटत नाही. इथे आपल्याला असं किती वेळा विचारलं असेल! मला तेव्हा त्या लोकांची भीती वाटली, बाहेरच्याची नाही.”

“आणि शेवटी ती होस्टेस जीव देऊन सगळ्यांना वाचवते, आणि डॉक्टर विचारतो तिचं नाव काय होतं—”

“कुणालाच माहीत नसतं,” मावशीनं वाक्य पुरं केलं. “पस्तीस वर्षं मी वॉर्डात काढली. पेशंट घरी जाताना मिठी मारायचे, चॉकलेटचा डबा द्यायचे, आणि कार्डावर लिहायचे ‘नर्सला’.”

हा भाग रसेल टी. डेव्हिसनं लिहिला होता. मालिका तेव्हा पुन्हा त्याच्याच हातात होती. म्हणून तर माझा राग नुसत्या रागासारखा नाही. ज्याला येत नाही त्यानं बिघडवलं तर सोडून देता येतं.

“मग एखादा ‘मिडनाइट’ येईल या आशेवर तरी बघ,” मावशी म्हणाली.

“किती वर्षं?”

“तुला घाई कसली आहे? तू ज्या चिबनलवर एवढा चिडतोस त्याच्याच काळात पंजाबचा भाग आला नव्हता का?”

आला होता. ११ नोव्हेंबर २०१८. विनय पटेल या लेखकाचा. डॉक्टरची सोबतीण यास्मिन खान शेफील्डची मुलगी. ती आजीचं तरुणपण बघायला १९४७च्या ऑगस्टात पंजाबात जाते. तिथे तिची आजी उम्ब्रीन प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी लग्न करतेय, आणि गावामधून फाळणीची रेघ जाणार आहे. झाडीत भुतांसारखे दोन परग्रहवासी दिसतात. आपल्याला वाटतं हेच खुनी. पण ते मारायला आलेलेच नसतात. त्यांचं जग नष्ट झालंय, त्यांच्या मेलेल्यांजवळ कुणी नव्हतं. म्हणून आता जिथे कुणी एकटं मरतं तिथे ते येऊन उभे राहतात, नुसते साक्षीला. मारतात ते माणसंच. प्रेमचा सख्खा भाऊ बंदूकवाल्यांना घेऊन येतो. डॉक्टरला (तेव्हा डॉक्टर बाई होती) काही बदलता येत नाही. तिला पाठ फिरवून चालत जावं लागतं, आणि मागून गोळीचा आवाज येतो.

तो भाग मी मावशीकडेच पाहिला होता. ती मालिकेबद्दल कधी फार बोलत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली होती, की नाइट ड्यूटीला आमचा न लिहिलेला नियम होता, कुणाला एकटं जाऊ द्यायचं नाही. नातेवाईक वेळेवर पोचणार नसले की आमच्यातली एक जण खुर्ची ओढून बसायची. हात धरायचा, बाकी काही करायचं नसायचं.

“तो चांगला होता,” मी कबूल केलं. “फार चांगला होता.”

“झालं तर!”

“झालं नाही मावशी. पाच वर्षांत एक. बाकी तू सोसतेस, कारण तुला काही अपेक्षाच नाही. अपेक्षा नसणं हा काही मोठेपणा नव्हे. जिभेची चव गेल्यावरही माणूस कुरकुर न करता जेवतो.”

हे लागेल असं वाटलं होतं. तिनं मेथी परातीत टाकली आणि शांतपणे म्हणाली, “तुझा तो गळपट्टा आठवतो?”

टॉम बेकरच्या डॉक्टरचा गळपट्टा भलताच लांब होता. त्याचा किस्सा असा की वेशभूषाकारानं विणणाऱ्या बाईंना किती लोकर लागेल याचा अंदाज न घेता ढीगभर दिली आणि बाईंनी सगळी विणून टाकली. मावशीनं तसाच एक माझ्यासाठी विणून १९८४मध्ये सांगलीला पाठवला होता. सांगलीत! आम्ही भावंडांनी त्याची रस्सीखेच केली. मे महिन्यापर्यंत तो बारा फुटांचा पंधरा फूट झाला होता.

“नाइट ड्यूटीला विणला होता, अडीच महिने. तुझ्या आईनं पत्रात लिहिलं, मुलं फार खेळतात त्याच्याशी. मी म्हटलं, बरं झालं.” ती जरा थांबली. “माझ्या जागी तू असतास तर म्हणाला असतास, तो गळ्यातच घालायला हवा होता, आणि टॉम बेकरसारखे डावीकडून तीन वेढे.”

“दोन वेढे,” मी म्हणालो, आणि जीभ चावली.

काका बागेतून आले. टीव्हीवरचं ओळखीचं संगीत ऐकून त्यांनी “चालू झालं का ते?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पेपर घेऊन वर गेले. पन्नास वर्षांत त्यांनी एकही भाग पाहिलेला नाही. या सगळ्या वादात सर्वांत सुखी माणूस तोच.

मी भांडी घासली. खिडकी अर्धी लोटली होती तरी ऐकू येत होतं. स्फोट, ओरडा, मोठ्ठा वाद्यवृंद, पुन्हा स्फोट. मधेच मावशीचं “अगं पण!” असं ऐकू आलं. ही सोबतीण, बेलिंडा चंद्रा, मावशीची फार लाडकी होती, कारण ती नर्स. वरदा सेतु या मल्याळी वंशाच्या नटीनं साकारलेली. आख्खा सीझनभर ती डॉक्टरच्या मागे एकच लकडा लावते: मला २४ मे २०२५ला घरी पोचव, माझी शिफ्ट आहे. काळयंत्रात बसूनही ड्यूटीला उशीर होईल म्हणून जीव खालीवर करणारी बाई टीव्हीवर मावशीनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

तासाभरानं खिडकी पूर्ण उघडली.

“हे बघ काय केलं! आता म्हणे तिला घरी जायचं होतं ते मुलीसाठी! तिला मुलगी आहे, पहिल्यापासून होती म्हणे! आणि ड्यूटी? इतके आठवडे काय सांगत होती मग?” तिचा आवाज चढला होता. “मुलगी असलेल्या बाईला ड्यूटी नसते का? मी काय केलं मग आयुष्यभर?”

मी काही बोललो नाही. चव गेल्याचं मी थोड्या वेळापूर्वीच म्हणालो होतो.

“आणि तो चांगला पोरगा चालला. ये, ये लवकर, कात टाकतोय.”

हाताला फेस तसाच ठेवून मी दारात जाऊन उभा राहिलो. शूटी गॅटवा सोनेरी उजेडात जळत होता, हसत होता. दोनच सीझन झाले होते त्याचे. मग उजेड ओसरला आणि त्या जागी एक बाई उभी होती. सोनेरी केस, ओळखीचं रुंद हसू.

“ही कोण रे?” मावशीनं विचारलं. “कुठेतरी पाहिलीय.”

बिली पायपर. २००५च्या त्या पहिल्या भागात दुकानाच्या तळघरात उतरलेली मुलगी. जिला बघून मी रेडिंगच्या खोलीत उठून बसलो होतो, ती हीच. दहा वर्षांपूर्वी हे पाहून मी किंचाळलो असतो, बायकोला झोपेतून उठवलं असतं. मी मावशीला नाव सांगितलं, साल सांगितलं, ती कोणत्या भागात गेली आणि कितव्यांदा परत आली ते सांगितलं. श्रेयनामावलीत ती डॉक्टर झाली असं मुळीच लिहिलेलं नाही, हेही दाखवलं. सगळं मला येत होतं. साबणाचा फेस गालिच्यावर ठिबकत होता, आणि माझं लक्ष त्याच्याकडे होतं.

“पुसून घे ते,” मावशी म्हणाली. “आणि पानं घे.”

आमरस चांगला झाला होता. केसरचा होता, पण गोड होता.

ऑक्टोबरात बातमी आली, की डिस्ने या मालिकेतून बाहेर पडलं. आता बीबीसी एकटीच पुढे नेणार आणि २०२६च्या नाताळात एक खास भाग येणार. बातमी मी पाहिली आणि पुढे सरकवली. रात्री मावशीचा फोन आला. नर्सचं काय केलं ते ती अजून विसरलेली नाही, तेच आधी ऐकवलं. मग म्हणाली, पुढच्या वर्षीच्या नाताळला इकडेच या सगळे, तेव्हा आंबे नसतील, रस डब्यातला असेल.

जेवायला येतो, म्हटलं.